नवरोजपर्यंत कादंबरी

२ मार्च, ताराझ
निश्चय झाला. कादंबरी नवरोजच्या, म्हणजे २२ तारखेच्या आमच्या कझाक नववर्षाच्या आत पूर्ण. प्रकाशक काम्शातबाईंनी स्पष्टच सांगितलं: यंदा एकच कादंबरी निघेल, तुमची वेळेत आली तर तुमची, नाहीतर मेइरमानची. हा मेइरमान म्हणजे गुरांचा निवृत्त डॉक्टर. वयाने माझ्याहून मोठा, आणि माझ्याच लेखनवर्गातला विद्यार्थी. जन्मभर मेंढ्यांना टोचलं, आता वाचकांना टोचणार. रस म्हणजे काय विचारा, मटणाचा सांगेल.
साप्ताहिकातल्या माझ्या 'नवलेखकांना व्यावहारिक सल्ला' या सदरात लिहिलं: रोज लिहा, सबबी सांगू नका. थकवा आला. कादंबरी उद्यापासून.

५ मार्च
सदर: हातातलं संपेपर्यंत दुसरं काम घेऊ नका.
दुपारी सिमेंटवाला येर्केबुलान. वडिलांच्या सत्तरीच्या मेजवानीत म्हणायला पद्यात शुभेच्छा हव्यात. घेतलं काम. हात मोकळा होईल. त्यांच्याकडे घोड्याचं सॉसेज उत्तम असतं, हा मुद्दा गौण.

१० मार्च
अर्पणपत्रिका पूर्ण, काम्शातबाईंना नमुना म्हणून धाडली. शोल्पानने विचारलं, पानं किती झाली. बायकोला हेच सुचायचं. म्हटलं, साहित्य पानांवर मोजत नाहीत. मग चहाही मोजू नका, उठा नि स्वतः करून घ्या, म्हणाली. अर्पणपत्रिकेतून तिचं नाव काढायला कळवलं.

१३ मार्च
सकाळी मेइरमान हस्तलिखित घेऊन दारात. मास्तर, जरा नजर टाका, कुठे लंगडतंय ते सांगा, म्हणे. लंगडायला ती काय शेळी आहे? वाचलं. दुर्दैवाने लंगडत नव्हतं.
शिष्याचं हित गुरूने नाही पाहायचं तर कोणी? सांगितलं, सुरुवात फाडा. नायकाचे सात बापजादे कुठायत? पूर्वज ठाऊक नसलेल्या कझाकाला कोण विचारतो? सातही जणांची हकिगत घाला, मगच छापायला द्या. सात पिढ्या म्हणजे नवरोज तर गेलाच, मेंढ्यांची कातरणीही जाईल. खरंय मास्तर, म्हणाला, आणि माझी बिस्किटं संपवून गेला.
दुपारी झोप छान लागली.

१९ मार्च
येर्केबुलानकडे मेजवानी. माझं पद्य अर्ध्यात तोडलं. म्हणे रस्सा निवतोय. अरसिक जमात. सॉसेज बाधलं. बिघडल्या पोटी पहिलं वाक्य लिहू नये. तसं सदरात कळवलं.

२१ मार्च
काम्शातबाईंचा फोन. निर्णय झालाय, तुमचा वाटा मोठा आहे, उद्या जेवायला या. अर्पणपत्रिकेवरूनच ओळखलं असणार. कोट इस्त्रीला टाकला.

२२ मार्च, नवरोज
शोल्पानसह काम्शातबाईंकडे. मेंढीचं डोकं आलं. ते मानाच्या पाहुण्यासमोर ठेवतात. मी बाह्या सरसावल्या, सुरी घेतली. ताट माझ्या नाकासमोरून मेइरमानपुढे गेलं. काम्शातबाई म्हणाल्या, आठ दिवसांत लिहून आणलेल्या त्या सात बापजाद्यांनी कादंबरी कुठल्या कुठे नेली, मास्तरांचीच कृपा.
मेइरमानने कान कापला. तो घरातल्या पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. पोरं झोपाळ्यावर पळालेली. त्याने कान माझ्या ताटलीत ठेवला. मास्तर, मी तुमचं ऐकलं, आता तुम्ही माझं ऐका, म्हणाला. रोज सकाळी एक पान. सगळे हसले. शोल्पान जरा जास्तच.
कान चिवट होता. बराच वेळ चावत बसावं लागलं, त्यामुळे कोणालाही सल्ला देता आला नाही.