जत्रेआधी बंद केलेली गोळी

बाबा, काल देवळातले दोघे घरी आले होते. यंदाच्या जत्रेला आईला आणा म्हणाले. आता घणसोली गावात अंगात येणारं कोणी उरलेलं नाही. मी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यापासून तुझ्यावरचा राग पुन्हा उकळतोय.

आईची ती गोळी क्लोरप्रोमाझीन. मी दहावी नापास, पण डिक्शनरी घेऊन पाकिटातला कागद अक्षर न् अक्षर लावला. वेडावरचं पहिलंवहिलं औषध. तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, ऊन सोसत नाही, हे सगळं त्यात होतं. डॉक्टरांनी तुलाही बजावलेलं, विचारल्याशिवाय बंद करायची नाही. गोळीवर आई भाकऱ्या थापायची, पाणी भरायची, रात्री झोपायची. पण होळी झाली, जत्रा जवळ आली की तू गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकायचास. मी विचारलं तर शांतपणे म्हणालास, "आता तिला गोली देव नको. देवी कशी येल?"

आणि यायची ना. पालखी दारात थांबली आहे, आई केस सोडून घुमते आहे, बायका ओटी भरतायत, आणि तू शेजारी पाटलासारखा बसून लोकांचे प्रश्न विचारतोयस. कोणाचं लग्न, कोणाची जमीन. बाहेर गावभर तुझा मान. पालखी पुढे जायची, आई मात्र तिथेच राहायची. भिंतीशी भांडायची, अन्नात विष आहे म्हणून ताट लोटायची. मग पाहुण्यांसमोर शोभत नाही म्हणून तू गोळ्या पुन्हा सुरू करायचास, त्याही दुप्पट, स्वतःच्या अकलेने. ती लाकडासारखी ताठ, तोंडातून लाळ. दर वर्षी थोडी कमीच परत यायची. देवी आली असेल तर आली असेल, मी देवीशी भांडत नाही. तू आजारी बाईचं औषध तोडलंस. तिच्या जिवावर मान मिरवलास.

तू वारल्यापासून गोळी वेगळी आहे. मी समोर उभा राहून देतो, गिळल्यावर जीभ वर करायला लावतो. ती शांत आहे, वेळेवर जेवते. माझ्याकडे बघते ते दारात मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं. हे पत्र कुठे टाकणार? फाडेन. पण एक लिहून ठेवतो. घुमताना ती सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायची, आणि माझ्या डोक्यावर तो जरा जास्त वेळ राहायचा. अजून पालखी दारावरून जाते तेव्हा माझी मान आपोआप खाली जाते.