पांढरे हातमोजे

क्वीन्सलंड, ९ मार्च १९५४

ती. क्लिफर्डदादास, विल्फचा सा. न.

मी खुशाल. दिवसभर मेंढ्या भादरतो, अंगाला लोकरीचा वास मारतो, पण कुणापासून हात लपवत नाही. एडनाताईचं पत्र आलं. लंडनच्या तुझ्या व्याख्यानाला बाबांना बोलावलंस हे वाचून उडीच मारली. पुढे वाचलं आणि डोकं फिरलं. तिकिटाबरोबर पांढरे हातमोजे पाठवलेस? गावच्या रंगकारखान्यात निळीच्या हौदावर कापड रंगवून बाबांचे हात निळे झालेत म्हणून? अरे, निळा रंग निळा का दिसतो याची गणितं मांडून तू रसायनातला मोठा माणूस झालास, तो त्याच हातांच्या जिवावर. तू कॉलेजात जावास म्हणून मीही शाळा सोडून त्याच हौदावर उभा राहिलो. बाबांना ताबडतोब कळव, मोजे घरी ठेवा म्हणून. नाहीतर मला भाऊ म्हणू नकोस.

तुझा (अजून तरी),
विल्फ

लंडन, २ एप्रिल

चि. विल्फ यास अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला, पण व्याख्यान होऊन गेल्यावर. बाबांची कुचंबणा होऊ नये, एवढाच माझा हेतू होता. एक फजिती मात्र झाली. सभागृहात फार उकडत होतं. घामाने हातांची नीळ उतरली आणि मोजे बोटांपासून निळे होत गेले. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. निळीचा रेणू मी आजवर कागदावरच पाहिला ना! नंतर अध्यक्ष हात मिळवायला आले. आपल्या गावात मोजा घालून कुणी हात देत नाही. बाबांनी तो काढला. बाकी सगळं छान पार पडलं. प्रकृतीला जप. लोभ असावा.

तुझा,
क्लिफर्ड

क्वीन्सलंड, २१ एप्रिल

दादा,

नमस्कार लिहायला हात धजावत नाही. बाकी सगळं छान काय रे? ते बाकीचं ताईने कळवलं. अध्यक्षांनी विचारलं, हे कोण? तू बुटांकडे बघत राहिलास. शेवटी बाबाच म्हणाले, मी यांच्या गावचा, सहज आलो होतो. तुला वाचवायला पोटच्या पोराला ‘यांच्या’ म्हणाले! एवढी गणितं सुटतात तुला, आणि ‘माझे वडील’ हे दोन शब्द सुटले नाहीत तोंडातून?

आता पुढचं ऐक. बाबांनी ते मोजे हौदात पुरते बुडवून काढले, निळेशार. रविवारी चर्चला तेच घालून जातात. कुणी विचारलं तर सांगतात, माझ्या मुलाने लंडनहून पाठवले.

लोभ माझ्याकडे मागू नकोस. घरी जा, त्यांच्याकडे माग.

विल्फ