एकवीस मुली, एकवीस खुर्च्या

२ ऑक्टोबर
आरोग्य शिक्षणाचा तास माझ्याकडे आला. सगळं गाव मला ‘आगाय’, म्हणजे गुरुजी, म्हणतं. योग्य माणूस, दुसरं काय! सहावीत मुली एकवीस. पंधराला नर्स उलकान लस घेऊन येणार. बायकांच्या त्या कॅन्सरवरची. घरून सही आणायची. संकल्प: एकवीसपैकी एकवीस.

५ ऑक्टोबर
तास झाला. तक्ता तीन रंगांत. मुली अगदी शांत. म्हणजे विषय पोचला. पूर्ण पंचेचाळीस मिनिटं तो शब्द एकदाही न उच्चारता शिकवलं. ‘शरीराचा एक आतला भाग’. याला कसब लागतं. फळ्याकडे तोंड करून शिकवलं की आवाज जास्त ठाम येतो.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
उलकान घरी आली. म्हणाली, “आगाय, तुमचा तक्ता घाला चुलीत. तुमची बायको, आमची बुरुलचा एजे, मोठी ताईच, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, एवढं सांगा. गाव अजून पोटाचं दुखणंच समजतंय.” दार उघडं होतं! मी म्हणालो, घरातलं दुखणं चारचौघांत काढत नाहीत. शिवाय बायकोचीच तशी इच्छा होती. (तिला विचारल्याचं आठवत नाही.) उलकान चहा न घेताच गेली. नंतर एकट्यासाठी मी पेले दोन काढले. बायको जाऊन दोन वर्षं झाली, सवय जात नाही. घर खायला उठतं.

११ ऑक्टोबर
पालकसभा. अठरा आया, एक आजी, परातभर तळलेले बोर्सोक. कुणी म्हणालं, लस टोचली की पोरीला मूल होत नाही म्हणे. मी टक्केवारी सांगितली. शेजारच्या झूराने हळूच विचारलं, “आगाय, आपल्या गावात कुणाला झालंय का हे?” म्हटलं, आकडे देशपातळीवरचे आहेत.
शेवटी आजीने तळहात वर केले, सगळ्यांनी चेहऱ्यावरून फिरवले, “ओमीन!” एकमताने मंजूर. उलकान म्हणते, “अहो, जेवण आटोपलं की तेच करतात! उठू या, एवढाच अर्थ.” मला का ठाऊक नाही? पण आजचं ओमीन वेगळं होतं. कोरे फॉर्म परातीखाली राहिले. विसरल्या असतील.

१५ ऑक्टोबर, सकाळी ८
सूटला इस्त्री. खुर्च्या एकवीस.

११ वाजता
कुणी नाही. बटाटे काढायचे दिवस आहेत. तारीख चुकली सरकारची.

दुपारी
एक आली. झूराची चोल्पोनाय. फॉर्म हातात, सही नाही. म्हणाली, “आईने एकच विचारायला सांगितलंय. बुरुलचा एजे याच आजाराने गेल्या का? हो म्हणालात तर आई लगेच सही करते. फाटकाशीच उभी आहे.”
उलकान माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो, “पोटाचं दुखणं होतं.”
पोरीने मान डोलावली, फॉर्मची घडी घातली आणि गेली. खिडकीतून झूरा दिसली. तिनेही मान डोलावली.

संध्याकाळ
लसींची पेटी तालुक्याला परत. पुढची गाडी आता बर्फ वितळल्यावर. उलकान जाताना म्हणाली, “तुमच्या तासाला बुरुलचा एजे बसली असती, तर तिलासुद्धा काही कळलं नसतं.” बोलायला फटकळच आहे.
संकल्प: उद्या सकाळी झूराकडे जायचं. काय बोलायचं ते आधी लिहून पाहतो.
माझी बायको, बुरुलचा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली.
जमलं की. अक्षरही बरं आलंय. फक्त ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

१६ ऑक्टोबर
झूराकडे गेलो. बटाट्यांचा भाव विचारून आलो.