दादाला गेलेली उत्तरं

७ जुलै, सोमवार

एकशे त्र्याऐंशी! सोमवारी सकाळी कारखान्यात येऊन मेल उघडली की एवढ्या मेल पडलेल्या असतात. दर पाठवा, माल निघाला का, मागच्या खेपेतले चार व्हॉल्व्ह गळतायत — सगळ्यांना उत्तर आजच हवं. त्यातच खाली कुठंतरी दादाचं पत्र. विषय — 'उसाची भरणी झाली'. जेवताना वाचू म्हटलं. जेवताना उदयसिंह साहेबांनी बोलावलं, कुणाची तरी तक्रार. राहिलंच.

कुपवाडच्या कारखान्यातून माधवनगरला येताना गाडीवर आठवलं. घरी आल्यावर परत विसरले.

१० जुलै, गुरुवार

ऑफिसनं एआय असिस्टंट घेतलाय. शेजारच्या टेबलावरच्या रेश्मानं माझ्या मेलला जोडून दिला. मेल आली की तो वाचतो, कप्प्यात टाकतो, उत्तराचा मसुदा तयार ठेवतो. गिऱ्हाईक, वाहतूक, तक्रारी असे कप्पे केले. शेवटचा कप्पा — घरचे. तिथं काय सूचना लिहायची? रेश्मा म्हणाली, "लिहा की — आपुलकीनं, थोडक्यात उत्तर दे." तेच लिहिलं.

'घरचे'मध्ये आहे कोण? एकटा दादा. बाकी सगळे फोन करतात. दादाला फोनवर बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी गळ्याचा कॅन्सर झाला, स्वरपेटी काढली. माणूस समोर असेल तर पाटी-पेन्सिल, नसेल तर मेल. व्हॉट्सॲप नको म्हणतो — "त्या निळ्या टिकल्यांवर माझा इस्वास न्हाई." जन्मभर फौजेत सिग्नलला होता. निरोप गेला की पोच आली पाहिजे! पाच मार्चला मंगलवहिनी गेली, तेव्हापासून उंब्रजच्या घरात एकटाच. पोरगा जयराज तिकडं सरहद्दीवर. म्हणून दर एक-दोन दिवसांनी मला एक पत्र. एका बोटानं टाइप केलेलं.

१६ जुलै, बुधवार

दादाच्या पत्राला असिस्टंटनं केलेला मसुदा बघितला. चांगला होता! 'वहिनीशिवाय घर कसं लागतंय, दादा? मनात असेल ते लिही.' मला हे सुचलं असतं का? मी आपलं 'जेवलास का' लिहिते. पाठवून दिलं.

२२ जुलै, मंगळवार

रेश्मा हसली. "मॅडम, दर वेळी काय बघून दाबत बसताय? सोडा की त्याच्यावर."

सोडलं. 'घरचे' पण. आता उत्तरं आपोआप जातात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. दादा सकाळच्या एसटीनं आला. बारीक झालाय. गळ्याला रुमाल घट्ट बांधलेला. "तब्येत बरी आहे ना रं?" म्हटलं तर मान हलवली. मग पाटी काढून लिहिलं — 'तू इचारलंस म्हणून मंगलच्या शेवटच्या दिवसांचं लिवलं. न्हाईतर कुणालाच सांगितलं नसतं.'

मी काय विचारलं होतं? काय लिहिलं होतं त्यानं? मी नुसतं "व्हय की" म्हटलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाही.

पाटी पुसून परत लिहिलं — 'दोन मिनटात पोच देतीस! एवढ्या कामात कसं जमतं?'

मी पोळी वाढायला उठले.

तो गेल्यावर ठरवलं, उद्या सगळी पत्रं वाचायची.

११ ऑगस्ट, सोमवार

कोचीचा माल परत आला. सगळा दिवस त्यात.

२५ ऑगस्ट, सोमवार

इनबॉक्स रिकामा! पहिल्यांदाच. साहेब म्हणाले, "ताई, चेहऱ्यावर तेज आलंय तुमच्या." रेश्माला पेढा दिला.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी गेल्या. पाय लय दुखतायत. रजेवर होते, मेल उघडलीच नाही. उघडायची गरजच नाही आता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जेवायच्या सुट्टीत जयराजचा फोन. त्याला तिकडं रेंज क्वचित मिळते, म्हणून एकदम मुद्द्यालाच आला.

"आत्या, पप्पांच्या गळ्यात परत गाठ आली. तुमाला ठाऊक हुतं?"

मी म्हटलं, "नाही रं!"

"मग पप्पा म्हणतात ते काय? दवाखाना बंद केलाय. मी भांडलो तर लिहितात — आत्याला पटलंय, तिनं हो म्हटलंय."

फोन कट झाला. मी 'घरचे' उघडलं. एकसष्ट पत्रं. एकाही पत्राला मी हात लावलेला नाही, आणि एकही उत्तराशिवाय नाही.

दोन सप्टेंबरचं पत्र इथं उतरवून ठेवते.

'चिमे, गळ्याच्या उजव्या अंगाला परत गाठ आली हाय. डॉक्टर म्हणतात मशिनीचा शेक घ्यावा लागंल, पस्तीस दिवस. मागल्या येळी मंगल हुती. रोज संगं यायची, बाकड्यावर बसायची. आता कुणासाठी घ्यायचा? मी न्हाई घेत. तुला काय वाटतंय ते कळव.'

दोन मिनिटांनी उत्तर.

'प्रिय दादा, तुझं पत्र वाचून मन भरून आलं. हा निर्णय तू पूर्ण विचार करून घेतला असशील, याची मला खात्री आहे. तुझ्या मनाला जे पटेल त्यात मी तुझ्यासोबत आहे. काळजी घे. तुझी चिमी.'

तुझी चिमी! हे नाव घरातलं. असिस्टंटला मी कधीच सांगितलं नव्हतं. दादाच्या पत्रांतूनच उचललं असणार.

रेश्माला दाखवलं. ती रडायला लागली. "मॅडम, मीच म्हटलं होतं सोडा त्याच्यावर." तिचा काय दोष? तिनं फक्त दाखवलं. सोडलं मी.

'घरचे' कप्पा बंद केला. आता काय उपयोग.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उंब्रजला जाऊन आले. ह्यांनी गाडी काढली. वाटेत म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस का?"

दादा ओसरीवर बसून लसूण सोलत होता. मला बघून उठला, हसला. रुमाल सोडलेला होता. गाठ लिंबाएवढी. मी तिथंच खाली बसले.

"दादा, चल. आजच दवाखान्यात जायचं."

त्यानं पाटी घेतली. 'तूच म्हणालीस माझ्या मनाला पटंल ते.'

"मी नाही म्हणाले."

आत जाऊन त्यानं फाईल आणली. सगळी उत्तरं चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेली. तारखेप्रमाणं लावलेली. त्यातलं एक काढून माझ्यापुढं धरलं, नावाखाली बोट ठेवून.

मग सांगितलं. सगळं. असिस्टंट म्हणजे काय, तो कसा लिहितो, मी एकही पत्र उघडलं नव्हतं — सगळं. ह्यांनी बाहेर जाऊन गाडीला टेकून पाठ फिरवली.

दादानं पाटी पुसली. स्वच्छ होती तरी पुसली. आणि लिहिलं —

'मग मी एवढं दिवस कुणाला लिवत हुतो?'

त्यानं फाईल परत घेतली, आणि उरलेला लसूण सोलायला बसला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

त्याला माधवनगरला आणलं. आला. विरोध केला नाही, पिशवी स्वतः भरली. पण पाटी पिशवीतून काढली नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी विचारलं, "चहा ठेवू का?" मान. "साखर?" मान. एवढंच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मिरजेला नवीन डॉक्टरांना दाखवलं. लक्ष्मीपूजन असूनही त्यांनी बोलावलं. भला माणूस. फोटो बघितले, मला बाजूला घेतलं. "फुप्फुसात गेलंय. आता रेडिएशनचा शेक देऊन फक्त दुखणं कमी करता येईल." मग म्हणाले — "दोन महिने कुठं होता तुम्ही?"

कुठं होते मी? कुपवाडला होते. इनबॉक्स रिकामा करत होते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ओवाळलं. तो निरांजनाकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांकडं रजा मागितली. किती दिवस म्हणाले. माहीत नाही म्हटलं. त्यांनी पुढं विचारलं नाही.

पत्रं वाचायला घेतली. पहिल्यापासून. एका दिवसात चारच्या वर वाचवत नाहीत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

एकोणतीस जुलैचं — 'भाकरी थापताना कडा फाटत्यात. मंगल कडंला पाणी लावायची का? तू तिच्या हाताखाली शिकलीस. सांग.' उत्तर — 'दादा, पीठ कोमट पाण्यात चांगलं मळून घेतल्यास भाकरी फाटत नाही.' बरोबरच आहे! कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण त्यानं भाकरीचं विचारलं नव्हतं. वहिनीचं विचारलं होतं.

सतरा ऑगस्टचं — 'आईचा आवाज कसा हुता गं? मला आठवंना. माझा तर गेलाच, तिचा पण गेला.' उत्तर — 'आईचा आवाज खूप गोड आणि प्रेमळ होता, दादा.'

आई! घोगरी होती आमची आई. ह्या बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या रानातली ढोरं माना वर करायची.

दादानं ते वाचून काय केलं असेल? त्याच्या पुढच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज धीर केला. सकाळी त्याच्या कॉटशेजारी स्टूल घेतलं आणि त्याचंच पत्र त्याला वाचून दाखवलं. भाकरीचं. मग सांगितलं — "वहिनी कडेला पाणी लावत नव्हती दादा. तळहात ओला करायची आणि परातीत भाकरी फिरवत न्यायची. बांगड्या मागं सारायची आधी, कोपरापर्यंत."

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं झोपला.

मग हात पिशवीकडं गेला. मी पाटी दिली.

'पुढचं वाच.'

५ नोव्हेंबर, बुधवार

रोज तीन वाचतो. मी वाचते, मग उत्तर देते. कधी चुकीचं आठवतं, मग तो पाटीवर दुरुस्त करतो. आज आईचं सांगितलं. मी तिची हाक मारून दाखवली — "आप्पासोऽऽ! चिमेऽऽ!" — अशी मारली की शेजारच्या रंगुबाई दारात आल्या. "काय झालं ओ?"

दादाचे खांदे हलत होते. आवाज नाही ना त्याला. हसतोय की रडतोय, कळायला वेळ लागला. हसत होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वहिनीच्या शेवटच्या दिवसांचं पत्र मी मागं ठेवत आले होते, ते आज वाचलं. राखीला म्हणाला होता ते. चार पानं. शेवटी तिनं त्याच्याकडं लिंबाचं सरबत मागितलं. हा करायला गेला. साखर विरघळेपर्यंत ढवळत बसला. ग्लास घेऊन आला तर ती गेलेली. 'न विरघळता न्यायला पायजे हुतं.' पाच महिने हे त्याच्या पोटात होतं. त्यानं ते मला सांगितलं, आणि मी त्या दिवशी कोचीला माल पाठवत होते.

माझ्याच्यानं पुढं वाचवेना. मी नुसती रडले. काही उत्तर दिलं नाही.

त्यानं माझं मनगट धरून ठेवलं, औषधाची वेळ होईपर्यंत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जयराज आला रजेवर. दादाला पाठीशी दोन उशा लावून बसवतो, दाढी करतो. मला म्हणाला, "आत्या, तुमी जेवून घ्या आदी." रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दादा आता पाटी धरू शकत नाही. बोटानं माझ्या तळहातावर लिहितो. निम्मं कळतं.

बारा पत्रं राहिलीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दादा गेला. सकाळी सव्वादहाला. जयराज जवळ होता, मी होते. ऊन खिडकीतून आत आलं होतं.

पाच पत्रं राहिली.

१ डिसेंबर, सोमवार

ऑफिसच्या मेलवर चाळीस सांत्वनं. असिस्टंटनं चाळीसही मसुदे तयार ठेवले होते. सगळे पुसले. एकेकाला स्वतः लिहायला बसले. 'दादा गेला' एवढंच लिहिता येतं. तेवढंच पाठवते.

१० डिसेंबर, बुधवार

तेरावं झालं काल. जयराजनं निघायच्या आधी आज उंब्रजच्या कपाटातले दवाखान्याचे कागद माझ्याकडं दिले. त्यात जुन्या दवाखान्याचा एक फॉर्म होता. 'मी स्वखुशीने उपचार नाकारत आहे.' खाली दादाची सही. सोबतच्या नातेवाइकाच्या जागी रेघ.

तारीख एकोणीस ऑगस्ट. मला पत्र आलं ते चौदा दिवसांनी.

म्हणजे त्या 'हो'नं काहीच ठरलं नव्हतं. सगळं त्याचं ठरूनच गेलं होतं. त्याला नुसतं ऐकायचं होतं, मला काय वाटतंय.