मागच्या चाकाचे बेरिंग

राधे,

वांग्याचे कॅरेट घेऊन सकाळच्या जीपनं कारंज्याले चाललो. आईले जेवल्यावर गोळी देजो. तुह्यासमोर बोलाची हिंमत नाही, म्हणून लिहून राह्यलो.

तुह्या रेसच्या सायकलचं मागचं चाक बाजेवर ठेवलं आहे. एक्सल धरून हळू फिरव. करकर लागते ना? ते माह्या हातानं झालं.

रेसच्या निवडीच्या आदल्या दिवशी ते महागाचे बेरिंग म्याच बसवले. माह्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात सुट्या छर्ऱ्याच्या सायकली येतात. हे बंद बेरिंग बाहेरच्या कड्यावर दाबून बसवा लागते. म्या मधातल्या कड्यावर हातोडी हाणली, अन् ते आतून दबले. करकर मले तवाच हाताले लागली होती. एवढ्या महागाचा माल आहे, चालला की मोकळा होईन, असं वाटलं. खरं सांगू, नवे घ्याची गरजच नव्हती. जुन्यायले निस्तं ग्रीस पुरलं असतं.

तू सगळ्यात मांगं आली. "दादा, माह्या पायातच दम नाही," म्हणून रडली. दोष चाकाचा आहे हे मले मालूम होतं, तरी मी निस्ता तुह्या डोक्यावर हात ठेवला. अठराच्या आतल्या पोरीयची तुह्यासाठी ती शेवटची निवड होती. आता चाक नीट करून काय उपयोग?

काल तू तुहे रेसचे बूट शेजारच्या शीलाले देऊन टाकले. तवाही मी दारातच उभा होतो.

पवन