जोडीला कोण?

सोमशेखर,

हे पत्र जेलात धाडायचं न्हाय, असं ठरवूनच लिहितेय.

परवा तुझ्या दाजींना जामीन झाला. वकील म्हणाले, चोरीची एकबी चादर त्यांच्याकडं सापडली न्हाय, कॅमेऱ्यात ते कुटंच न्हाईत. नुसत्या तुझ्या जबाबावर त्यांना आत ठेवता येत न्हाय. मी "बरं" म्हटलं.

तू त्यांचं नाव मुद्दाम घेतलं न्हाईस, मला ठावं हाय. माझ्या लग्नापासनं एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात तुमी दोघं शेजारच्या मागांवर. एक चहाला गेला की दुसऱ्यानं त्याचे माग बघायचे. मुकादमानं "जोडीला कोण?" विचारलं की तू मान वर न करता "दाजी" म्हणायचास. चोरी तू एकट्यानं केलीस, पण चौकीत तुला मारताना पोलिसांनीबी तेच विचारलं.

हे सगळं कळतंय, तरी तुला भेटायला यावं वाटत न्हाय. रडूबी येत न्हाय. भाकरी तेवढ्या थापते.

आज ते दुसऱ्या कारखान्यात काम मागायला गेले. तिथल्या मुकादमानं विचारलं, "जोडीला कोण?"

त्यांच्या तोंडातनं निघालं, "सोमशेखर."

मुकादम म्हणाला, "मग उद्या दोघंबी या की."

एवढं सांगून ते भिंतीकडं तोंड करून निजलेत.

तुझी अक्का,
दानेश्वरी