औषधाला न जुमानणाऱ्या पेशी

उधना, सुरत
८ डिसेंबर १९९६

ती. पंडितदादास,

धाकट्या सरलाचा वाकून नमस्कार. वहिनीची धरलेली कंबर मोकळी झाली असेल, म्हैस दूध देत असेल, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे (जिना सोडून).

'दम्याच्या गोळ्यांची सवय लागली, सुरत सोड, गावी ये' हा तुझा हुकूम वाचला. मी येणार नाही. सवय मला नाही, माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना लागली आहे. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दम्याच्या जुन्या रोग्यांचं रक्त तपासायचं होतं, म्हणून बॉबिन भरायच्या कामावरून अर्धी सुट्टी काढून मी गेले (शेठ कुरकुरला, त्याला कुरकुरू दिलं). त्यांनी एका नळीत माझं रक्त घेतलं, दुसरीत तिथल्या नर्सबाईचं, आणि दोन्हींत माझ्या गोळीतलंच औषध घातलं. नर्सबाईच्या पेशी लगेच शांत झाल्या. माझ्या ढिम्म. डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगू लागले, की या बेनच्या पेशी औषधाला दादच देत नाहीत. माझ्या पेशींना माझ्यासमोर नावं ठेवलेली मला खपेना. मी म्हटलं, "नऊ वर्षं रोज चार वेळा कुणी तुमच्या कानात 'गप्प बसा' म्हणालं, तर दहाव्या वर्षी तुम्ही तरी ऐकाल का?"

पोरं हसली. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले नि म्हणाले, "बेन, अगदी हेच झालंय."

पेशींना औषध ऐकू येणारे जणू कान असतात. औषधाचा सतत मारा झाला की ते कमी होतात, मारा थांबला की परत येतात. म्हणून गोळी बंद, सकाळ-संध्याकाळ ओढायचा नवा पंप सुरू. पहिले चार दिवस वाईट गेले. तुझे दाजी माझ्याकडे बघत उपाशी बसायचे. मीच रागावून त्यांना जेवायला लावलं (तेवढा दम होता). आज बारावा दिवस. काल पाण्याचा हंडा वर आणला, एकदाच थांबले. तेव्हा सुरत सुटणार नाही, कामही नाही. इथे निदान माझ्या पेशी ऐकायला शिकतायत. गावात माझं कधी कुणी ऐकलं होतं?

तुझी,
सरला

ता. क. शनिवारी पुन्हा रक्त तपासणार आहेत. शेजारच्या नळीत या वेळी सख्ख्या भावाचं रक्त लागतं. मी तुझं नाव देऊन ठेवलं आहे.

ता. क. २. सख्ख्या भावाचंच हवं असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. नर्सबाईचं चालणार आहे. तरी ये.